मोडू दिलेली टिप

कुशलशेठनी सरळ सांगून टाकलं, "जागृती, दोनदा चुकलीस. आता चुकलीस तर तो कॉम्प्युटर बंद आणि तू स्टोअरला."

बोईसरच्या एमआयडीसीत आमच्याकडे पंपांचे शाफ्ट होतात. स्टेनलेस कापताना लेथवरच्या टुलाची टिप कितव्या शाफ्टला मोडेल, हे आधीच कॉम्प्युटरवर काढायचं, ही माझीच हौस. कॉम्प्युटर म्हणाला सत्तर, टिप मोडली तिसाच्या आत. स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायच्या विचाराने मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

तो निघाला चिंधूकाकांवर. काका तीस वर्षं लेथवर. जेवणाच्या सुट्टीत माझ्या पडद्यावर कापलं जाणारं पोलाद बघून ते चक्क हसले.

"मॅडम, ह्या तं लोनी कापतंय."

"आकडे लॅबचे आहेत, काका! पोलाद ताणून मोजलेत."

"कसा तानला? जोरात का हलू?"

"हळूच ताणतात."

"तं मंग! वैतरणेत हलू उतरा, पानी वाट देते. वरून उडी टाका, पोटावर फटका बसते का नाय? माझा टूल काय हलू जातो?"

मी फणकारणार होते, तेवढ्यात माझीच चूक मला दिसली. पडद्यावरचं माझं पोलाद वेगाच्या फटक्याने घट्ट होतच नव्हतं, आणि त्या वेगात तापून मऊही पडत नव्हतं. वेगाने ठोकून घेतलेल्या चाचण्यांचे आकडे मागवले आणि दोन्ही गोष्टी त्यात घातल्या. पडद्यावरची सुळसुळीत चिप, म्हणजे कापताना निघणारी पोलादाची साल, आता करवतीसारखी दातेरी निघाली. काकांनी चष्मा लावला, खिशातून सकाळची खरी चिप काढून शेजारी धरली.

"हां, ही आमची हाय."

नवा आकडा आला अठ्ठावीस.

चाचणीला शेठ स्वतः उभे. सव्वीस झाले, सत्तावीस झाले. अठ्ठाविसाव्याला लेथ किंचाळू लागला. टिप मोडू देणं काकांच्या रक्तातच नाही. त्यांचा हात लेथ बंद करायच्या बटणाकडे गेला. मग माझ्याकडे बघून त्यांनी तो पाठीमागे धरला.

टक्!

मी जागच्या जागी उड्या मारल्या. टिप मोडल्यावर टाळ्या वाजवणारा कारखाना अख्ख्या एमआयडीसीत आमचाच असावा.

शेठनी विचारलं, "कॉम्प्युटरमधल्या या नव्या पोलादाला नाव काय दिलंस?"

"चिंधू."

काका लाजून खाली वाकले, मोडका तुकडा गार झाल्यावर माझ्या तळहातावर ठेवला. "तीस वर्सांत मुद्दाम मोडू दिलेली ही पैलीच. देव्हाऱ्यात ठेवा."