पाठीवरचा कडू भोपळा

मित्रांनो, मी एक जुना कडू भोपळा आहे आणि आजवर मी एकतीस जिवांना बुडण्यापासून वाचवलं आहे. हे मी गोठ्यातल्या बैलांना पुष्कळदा ऐकवलं. त्यांनी रवंथ थांबवला नाही. त्यांचंही बरोबरच आहे. ते एकतीस जण स्वतःहून, नाक दाबून, विहिरीत उड्या मारत होते. वाचवा म्हणून मला कोणी हाक मारली नव्हती.

माझा जन्म वऱ्हाडातल्या आसेगावचा, जगदेव नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर चढलेल्या वेलाला. शेजारच्या वेलाचे भोपळे गोड निघाले, म्हणून त्यांची भाजी झाली. आमच्या वेलाचं एक कोवळं फळ जगदेवच्या बायकोने, चतुराबाईने, चाखलं, थुंकलं आणि बाकीच्यांना वेलावरच सोडून दिलं. हिवाळाभर मी छपरावर वाळलो. आतला गर सुकून गेला, बिया सुट्या होऊन खुळखुळू लागल्या, साल लाकडासारखी टणक झाली. मी पुरता रिकामा झालो, तेव्हा घरात सगळे म्हणाले, आता हा कामाचा झाला.

उन्हाळ्यात लहान मुलांचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरी असतो. जगदेवने तो विहिरीत टाकला होता. मोट सकाळी आणि संध्याकाळी चाले. दुपारी बैल सोडले, की विहीर मुलांची. घरात बायका शेवया वळत असत, तेव्हा मुलं घराबाहेर असणं शेवयांच्याही हिताचं होतं. शिकवण्याची रीत सरळ होती: पहिले आठ दिवस पाठीला दोन भोपळे, मग एक, मग एकही नाही. माझा जोडीदार एका जाड मुलाबरोबर दगडावर आपटून फुटला. तेव्हापासून दोघांचं काम मीच करत आलो. कौतुकही होई. 'भोपळा इमानी आहे' असं जगदेव म्हणे आणि पावसाळा आला की मला खुंटीला टांगून आठ महिने विसरून जाई.

सन छत्तीसच्या आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, जगदेवची लेक सोजरबाई माहेरी आली. तिला जऊळक्याला दिलं होतं. कडेवर दीड वर्षाची रुपा होती. थोरला रामकिसन नव्हता. आदल्या श्रावणात तो सासरच्या परसातल्या विहिरीत पडला. चार वर्षांचा होता. सोजरबाई काठावरच होती, पण तिला पोहता येत नव्हतं. शेतातून माणसं यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागला.

माहेरी ती रडली नाही. भाकरी वाढली तर खाई, नाही वाढली तर मागत नसे. बस म्हटलं की बसे. मला तिचं नवल वाटलं नाही. आतून वाळलेल्याला आवाज येत नाही, हलवलं तरच येतो. मुलांत तिचं मन रमेल असं चतुराबाईने ठरवलं आणि दुपारी रुपाला पाळण्यात झोपवून तिला नातवंडांबरोबर विहिरीवर पाठवायला सुरुवात केली. नातवंडं दोन. इंद्रभान दहा वर्षांचा, त्याला पोहता येत होतं. बेबी आठ वर्षांची, ती शिकत होती. तिचा हा पाण्यातला पहिला आणि शेवटचा उन्हाळा. पुढच्या वर्षी ती मोठी मुलगी ठरणार होती. सोजरबाई पाण्याकडे पाठ करून काठावर बसे.

चौथ्या दिवशी बेबी मला पाठीवर घेऊन पायरीवर धापा टाकत बसली होती. तिने विचारलं, "आत्या, तुले पवता येते का?"

"नाई."

"मंग इतकी मोठी कायची झाली?"

सोजरबाईने यावर दोन दिवस विचार केला असावा. त्यानंतरच्या दिवशी जगदेव आंब्याखाली डुलकी घेत असताना तिने मला उचललं, लुगड्याचा कासोटा घट्ट केला, मला कमरेला बांधलं आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरली. कमरेला बांधलेला भोपळा कमर वर आणतो आणि डोकं खाली घालतो. मी माझं काम इमानाने केलं. इंद्रभानने तिला केसांना धरून पायरीवर ओढलं. बेबीने गाठ सोडली.

"आत्या, ढुंगणाले नाई बांधत. पाठीले बांधतेत."

तिने मला पाठीवर बांधलं आणि सोजरबाई पुन्हा पाण्यात गेली. त्या आवाजाने जगदेव जागा झाला. काठावर लेक नव्हती. तो धावत आला. धोतर सुटलं होतं, ते त्याला कळलं नाही. खाली सोजरबाई नाकातोंडात पाणी जाऊन हात मारत होती. तो तिच्याकडे पाहत होता, मग त्याला मी दिसलो. बराच वेळ तो माझ्याकडेच पाहत राहिला. मित्रांनो, जीव द्यायला उतरलेली बाई पाठीला भोपळा बांधत नाही. जगदेवच्या हे ध्यानात आलं. त्याने धोतर नीट केलं.

"बेबे, दोरी ढिली हाय. आवळ," तो म्हणाला. मग विहिरीकडे पाठ करून वाटेवर बसला. त्यानंतर महिनाभर रोज दुपारी तो तिथेच बसे आणि वाटेने येणाऱ्या गड्याला काही ना काही काम सांगून परत पाठवी.

शिकवण्याचं काम बेबीने घेतलं. स्वतःला अर्धंच येत असल्यामुळे ती फार कडक होती. आत्याचे पाय काठीसारखे आहेत, बेडूक बघितला नाही का, असं ती रोज सुनावे. इंद्रभान आत्याच्या घाबरण्याची नक्कल करून दाखवी. सोजरबाई रागवत नसे, हसतही नसे. ती पुन्हा उतरे. पाणी आटत होतं, दर आठवड्याला दोन पायऱ्या उघड्या पडत होत्या आणि मृगाआधी सासरचे न्यायला येणार होते. वैशाख संपायच्या आत दोघींनीही मला पाठीवरून उतरवलं.

मुलांचा एक खेळ होता: तळाशी गडवा, म्हणजे तांब्या, टाकायचा आणि बुडी मारून आणायचा. सोजरबाईने गडवा आणला. मग म्हणाली, याहून जड काही आण. दुसऱ्या दिवशी बेबीने परकराच्या ओच्यात लपवून वरवंटा आणला. घरी चतुराबाईने तो दिवसभर शोधला आणि शेवटी शेजारणीवर आळ घेतला.

इंद्रभानने वरवंटा टाकला. पहिल्या बुडीत सोजरबाई रिकामी वर आली. दुसऱ्या बुडीतही. तिसऱ्या वेळी इंद्रभान आकडे मोजत होता. चाळीसला तो मोजायचा थांबला. वाटेवर बसलेल्या जगदेवने मान वळवली नाही, फक्त ताठ केली. मग ती वर आली. दोन्ही हातांनी वरवंटा छातीशी धरलेला होता आणि नुसते पाय चालत होते. पायरीवर बसून तिने तो मांडीवर घेतला.

"आत्या, आण तो इकडं. आजी चटणी वाटाले थांबली."

"थांब जरा," ती म्हणाली.

बेबी थांबली. बराच वेळ थांबली.

मी तेव्हा काठावर उन्हात पडलो होतो. तिथेच मला चीर गेली. आता मी पाण्यात टिकत नाही. माझ्यात बियाणं ठेवतात. म्हणून मित्रांनो, काम झालं की आम्हाला उन्हात टाकू नका. सावलीत टांगा, दोरी दरसाल बदला. आणि पोरांना पाण्यात पाठवण्याआधी आईला पोहता येतं का, ते एकदा विचारा.

मृगाच्या चार दिवस आधी सोजरबाईचे सासरे दौलतराव बैलांची दमणी घेऊन आले. गोठ्यासमोर बाज टाकली, गुळाचा चहा झाला. जगदेवने बराच वेळ घसा खाकरून मनातलं बोलून टाकलं, "दौलतराव, तुमच्या हिरीले आतातरी कठडा बांधा."

"कठडा कायले?" दौलतराव म्हणाले. "ते हीर तं गेल्या भादव्यातच बुजवली."

ती बुजवायला मुरूम गावाबाहेरच्या खदानीतून आणला होता. टोपल्या सोजरबाईने वाहिल्या होत्या.