खापरीवरचं पॉलिश

मी खापरी बोलतेय. खरं तर बोलायचं नव्हतं. "कोणाला सांगायचं नाही हं," असं किसन आबांनी नातीला, मानसीला, बजावलं तेव्हा मी त्यांच्या हातातच होते. म्हणजे ती ताकीद मलाही लागू. पण आता मानसी मला ओल्या कापसाने पुसतेय, गुदगुल्या होतायत, आणि पोटात काही राहत नाही.

मी एका वाडग्याचा काठ होते. वाडगा फुटला, घरच्यांनी मला उकिरड्यावर फेकलं, आणि मी मातीखाली झोपले. किती वर्षं? कोण मोजतंय! यंदा हातोद गावाजवळच्या एका शेतात पाइपसाठी चर खणला. तिथे मैत्रिणीकडे आलेल्या मानसीने मला उचललं. ही मुलगी वर्गात कधी हात वर करत नाही, पण खाली पडलेलं काही तिच्या नजरेतून सुटत नाही.

आबा फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. सुदामा नगरच्या घरात मला पाहताच खुर्चीतून उठलेच.

"अरे, ये तो भिक्षापात्र है! आपल्या बौद्ध ग्रंथात उज्जैनी आहे ना? भिक्खू ह्याच रस्त्याने गेले असणार!"

शाळेच्या प्रदर्शनासाठी लेबल तयार झालं: 'बुद्धकालीन भिक्षापात्र'.

अडचण एकच. त्या काळची भांडी काळी चकचकीत असत, असं आबांनी कुठेतरी वाचलेलं. मी आपली मळकट. आबांनी बुटांचा ब्रश काढला.

"आबा, हे काय करताय?"

"परेडला कोणी मळकं जातं का?"

आणि घासलं की हो मला! तोंड दिसेल इतकं.

आज प्रदर्शनात आबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याशेजारी उभे होते. "ग्रंथातलं सगळं खरं आहे, ये देखो सबूत," असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. तेवढ्यात इतिहासाच्या देवयानी मॅडमनी मला उचललं. त्यांचं बोट काळं झालं. त्यांनी ते हुंगलं.

"मानसी, ही चमक कसली?"

मानसीने आबांकडे पाहिलं. आबा छताकडे पाहत होते. मला वाटलं, पोरगी नेहमीसारखी गप्प बसणार.

"पॉलिश आहे, मॅडम. आम्हीच लावलं. ती किती जुनी, कोणाची, आम्हाला माहीत नाही."

आबांचा चेहरा उतरला. "म्हणजे आपला ग्रंथ खोटा?"

"तसं नाही, आबा. उज्जैनी ग्रंथात आहे, आणि खोदकामात जुनी वस्तीही सापडलीय. तेवढं जुळतं. पण म्हणून दिसेल त्या खापरीला भिक्षापात्र कसं म्हणायचं? रोज बुद्धवंदनेच्या वेळी 'एहिपस्सिको'चा अर्थ तुम्हीच सांगता ना, 'या आणि पाहा'? मग लोकांना पाहू द्या की. पॉलिश कशाला?"

एवढं लांब ती शाळेत पहिल्यांदाच बोलली. कान लाल झाले होते तिचे.

आबांनी जुनं लेबल काढून उलटं केलं. मग खिशातलं पेन काढत मॅडमना म्हणाले, "सुभेदाराची झडती घेतली हो पोरीने!"

आता मी नळाजवळ आहे, पुन्हा मळकट आणि खूश. एकच मागणं आहे. माझ्यासारखी कोणी दिसली तर उचलू नका, जाणकाराला तिथेच आणून दाखवा. माझी निम्मी साक्ष त्या चराच्या मातीतच राहिली.

"मानसी, आण गं तिला!" आबांची हाक आली. "नवं लेबल रेडी आहे. 'खापरी, हातोद. वय माहीत नाही. या आणि पाहा.' चालेल ना?"

"आले, आबा!"

अगं थांब, उचलू नकोस इतक्यात. मला आठवतंय ना! त्या वाडग्यातून पहिला घास ज्याने खाल्ला, तो... अगं, उचललंसच का!