दोन फळ्यांमधला मी

मित्रांनो, मी एका लहानशा होडीच्या तळाचा जुना सांधा आहे. माझा देह इपॉक्सी नावाच्या चिकटद्रव्याचा. राळ आणि तिला घट्ट करणारे हार्डनर ही दोन द्रव्ये ठरल्या प्रमाणात एकजीव झाली आणि मी जन्मलो.

माझे जनक एक वृद्ध सुतारकाका. काकूंची थोरली बहीण पैलतीरी अंथरुणाला खिळलेली आणि फेरीची नाव बंद पडलेली. म्हणून ही होडी. काकांनी आजवर सरसाने लाकूड जोडले होते. फळ्या दाबून धरणारा शिकंजा जितका आवळावा तितका सांधा पक्का, ही त्यांची श्रद्धा. माझ्या आधीचा इपॉक्सीचा सांधाही त्यांनी तसाच आवळला. बिचारा कडांनी ओघळून गेला. तो वाळल्यावर काकूंनी फळीवर नुसता तळहात टेकला आणि सांधा कडकन उकलला.

"अहो, सगळं पिळून काढलंत. धरायला आत उरलं काय?"

"उभा जन्म असंच करत आलोय मी."

"त्या खुर्च्या होत्या. यातून मला ताईकडे जायचंय, तळाशी नाही."

काका ओशाळून हसले. फळ्या पुन्हा घासून त्यांनी मला मधे भरले आणि शिकंजे हलकेच टेकवले. गारठा असा, की सकाळीही मी चिकटच.

"उघडून बघू का जरा?"

"खबरदार. झोपलंय का बघायला पोराला पाळण्यातून उचलतात का कुणी?"

काकूंनी होडीखाली दिवा ठेवला, वरून जुनी गोधडी पांघरली. ऊब दाटत गेली; जे वाहत होते ते थांबले, जे थांबले ते दृढ झाले. नखाचा ओरखडा उठेनासा झाला, तेव्हा काकांनी शिकंजे सोडले. काकूंनी फळीवर सारा भार टाकला. मी ढळलो नाही.

"एवढ्याशा टोपलीतून आलीस?" काकू पैलतीरी पोचल्या, तेव्हा ताईंनी अंथरुणावरूनच खिडकीतून होडी पाहून विचारले.

"हळू बोल. ह्यांच्या कानावर जाईल."

ताई बऱ्या झाल्या. होडीच्या व्हार्निशच्या चकाकीची पुष्कळ स्तुती झाली. फटीतला मी कोणाच्या दृष्टीस पडणार? पुढे होडी कित्येक उन्हाळे उघड्यावर पालथी पडली, व्हार्निश सोलून निघाले, मी पिवळा पडलो. मित्रांनो, ऊन माझे बळ हळूहळू हरण करते. जे दिसत नाही पण धरून ठेवते, त्याची अधूनमधून विचारपूस करीत जा.

आज काका माझ्यावर पुन्हा व्हार्निशचा हात फिरवीत आहेत. ते वाळले की ताईंना कायमचे ऐलतीरी आणायचे आहे.