वेगळा कप

चौथ्या दिवशी सकाळी शिवलीला सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन आली आणि माझ्या खाटेपाशी न थांबता सरळ पुढं गेली.

तीन दिवस आमचं भांडण चाललेलं. ती म्हणायची, "तोंड उघडा, जीभ वर करा." मी जीभ वर करायचो आणि गोळी गालात ठेवायचो. तिसऱ्या दिवशी गादी झटकताना तिला चार गोळ्या सापडल्या. प्रकरण मोठ्या डॉक्टरांपर्यंत गेलं. आणि आज एकदम माफी. जन्मभर भांडलेला शेजारी एकाएकी 'या, बसा' म्हणायला लागला, की शहाण्यानं आधी आपला बांध बघून यावा. मी मनात म्हटलं, जोतीराम, सांभाळून.

थोड्या वेळानं चहा आला. बाकीच्या अकरा जणांना किटलीतून. माझा मात्र कप भरूनच आला, अंबूबाई आयाच्या हातातून.

"मावशी, माझा वेगळा का?"

"तुमाला साखर जास्त लागती न्हवं," ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता निघून गेली.

मला साखर जास्त लागते, असं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी चहा जवळजवळ अगोडच पितो.

ही सगळी गोष्ट नव्याण्णव सालची. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक पुढचं विचारतात. मी शिरोळकडचा. गावच्या दूध संस्थेत सतरा वर्षं टेस्टर होतो. दुधाची फॅट मोजणं हे माझं काम. ते यंत्रावर होतं, पण यंत्राआधी माझी जीभ सांगायची. म्हशीच्या दुधात गाईचं घातलंय, पाणी आडाचं आहे की नळाचं, पीठ कालवलंय का, हे एका थेंबात कळायचं. गावातले निम्मे लोक मला नमस्कार करायचे आणि निम्मे शिव्या द्यायचे. टेस्टरची इज्जत असतेच तेवढी.

तर तो चहा मी जिभेवर धरला. आधी गोड, मागून कडू. उरलेला कप खिडकीत ठेवून दिला. अर्ध्या तासानं वरचा चहा ओतून टाकला. तळाशी पांढरं बसलं होतं.

मी सिस्टरला कप दाखवला. "सिस्टर, चहात गोळी आहे."

ती फार मायेनं हसली. "असं कोण कशाला करेल, जोतीराम?" तिनं कप घेतला, विसळला आणि माझ्या फायलीत काहीतरी लिहिलं. आम्ही डेअरीच्या वहीत 'भेसळ' लिहायचो. तिनं काय लिहिलं ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच वाचून दाखवलं: संशय वाढला आहे. आणखी पंधरा दिवस. संशय गेला की घरी.

म्हणजे असं, की खरं बोललो तर मुक्काम वाढणार. घरी जायचं तर चहा चांगला आहे म्हणायचं. सतरा वर्षांत मी कुणाच्या धाकानं पाण्याला दूध म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. मी आजारी होतो. माझ्या सॅम्पलच्या बाटल्यांत कुणीतरी काही घालतंय असं आधी वाटलं, मग घरच्या घागरीत, मग भाकरीत. बाळाबाई, म्हणजे माझी बायको, समोर बसून वाढायची आणि मी तिच्या हातची भाकरी तिच्या देखत गाईपुढं टाकायचो. एकदा दोनशे लिटर दूध संस्थेच्या दारात ओतून दिलं. त्या भाकरीत काहीही नव्हतं. ते आज कळतं. पण तिथला संशय खोटा निघाला म्हणून इथला खराही खोटाच धरला गेला. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. माझ्या ताकात खरोखरच काहीतरी होतं, त्याचं काय?

शेजारच्या खाटेवर बसलिंगाप्पा होते. गडहिंग्लजकडचे गुळाचे व्यापारी. मनाला अंधार आला म्हणून मुलानं आणून ठेवलेले. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचे. पण गोडाचा वास आला की इकडं वळायचे.

"तुझा चा लई गोड असतोय म्हणं," एका सकाळी ते म्हणाले. "दे की इकडं."

मी दिला. त्यांचा मी घेतला. ते माझ्या चहात काय आहे ते जाणत नव्हते, मी जाणत होतो. तरी दिला, पुढंही रोज दिला. मला खात्री करून घ्यायची होती, आणि टेस्ट म्हटली की सॅम्पल लागतंच.

दोन दिवस आप्पा बसल्या बसल्या पेंगत होते. मी ते बघून मनात मोजमाप करत होतो. मी स्वतः ताजातवाना होतो. फक्त खिडकीखालून जाणारे लोक पुन्हा माझं नाव घेऊन कुजबुजायला लागले होते. तिसऱ्या दिवशी आप्पा मोरीत पडले. नळाच्या कट्ट्यावर कपाळ आपटलं. चार टाके पडले.

त्यांना टाके घालायला नेलं तेव्हा अंबूबाई मोरीतलं रक्त पुसायला आली. मी दारात उभा होतो. ती खाली मान घालून बोलली, "पावणं, आप्पास्नी कप तुमी दिला न्हवं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"दोन दिस बगतीया मी. तुमी तरतरीत आन् त्यो म्हातारा डुलतोय. माझीबी अक्कल शेण खायाला गेलती."

"म्हणजे तुम्ही घालत होता."

तिनं फडकं पिळलं. "व्हय. सिस्टर कुटून द्यायच्या, मी ढवळायची. घेत न्हाईत तर असं द्या, म्हणालं डॉक्टर. तुमच्या मंडळींनीबी व्हय म्हटलंय."

मला रडू आलं. फसवलं म्हणून नव्हे. माझी जीभ शाबूत होती म्हणून. एवढ्या दिवसांत मला माझ्याच तोंडाची खात्री राहिली नव्हती.

"मग मी सांगत होतो तेव्हा खोटं का पाडलंत?"

"आजारी हायसाच की तुमी. गोळी पोटात जायाच पायजे." मग पुन्हा फडकं पिळत म्हणाली, "पर खोटं बोलाय नको हुतं. ह्ये मलाबी कळतंय."

"आप्पांचं काय?"

"आप्पाच्या कपाळाला चार टाकं पडल्यात. दोन तुमचं, दोन माझं."

दुसऱ्या दिवशी माझा चहा किटलीतून आला. अंबूबाईनं आख्खी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती उलटसुलट करून बघितली, वास घेतला, गिळली.

"जीभ वर," ती म्हणाली. "इस्वास हाय माझा. तरीबी वर."

आप्पा पट्टी बांधून परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं आणि त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी कपाळाची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "पर गोड हुता की."

अठराव्या दिवशी मला सोडलं. संशय गेला, असं लिहिलं असणार. बाळाबाई न्यायला आली. निघताना सिस्टरनं तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं. मी पिशवी धरून लांब उभा होतो. ऐकू काही येत नव्हतं, पण सिस्टरचा हात दिसत होता. वाटीत चमच्याची पाठ दाबावी तसा तो हवेतल्या हवेत फिरत होता. बाळाबाई मान डोलवत होती. तिनं गोळ्यांची पुडी कनवटीला खोचली आणि माझ्याकडं येऊन म्हणाली, "चला."

संस्थेत माझ्या जागेवर कृष्णातला बसवलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "जोतीराम, आता इस्रांती घ्या की." मी दूध घालायला रांगेत उभा राहायला लागलो. कृष्णात माझं दूध दोनदा तपासायचा.

घरी रोज सकाळी चुलीपाशी वाटीत चमच्याचा आवाज यायचा, करकर, दबक्या हातानं. मग चहा यायचा, खूप साखरेचा. बाळाबाई उंबऱ्यावर बसून मी पितो का ते बघायची. मी पीत होतो, तळासकट. बारा दिवस प्यायलो. जिच्या भाकरीवर मी खोटा आळ घेतला, तिच्या चहात खरंच गोळी आहे हे कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? ती पुढं करायची तेव्हा कप बशीवर वाजायचा.

तेराव्या दिवशी चमच्याचा आवाज सुरू झाला तसा मी उठून चुलीपाशी गेलो. तिनं वाटी पदराखाली घेतली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पूर्वी मी भाकरी टाकायचो तेव्हा पडायचा, अगदी तसाच.

"कुटू नगंस," मी म्हटलं. "निम्मी तळालाच ऱ्हाती. आख्खी दे."

मी तळहात पुढं केला. तिनं वाटी चुलीपाशी ठेवली. मग तिनं कनवटीची पुडी सोडली आणि एक गोळी माझ्या हातावर ठेवली. मी पाण्याबरोबर गिळली. मग सवयीनं तिच्यापुढं तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

तिनं बघितलं नाही. मान वळवून चहा गाळायला लागली.

"मिटा त्वांड," ती म्हणाली. "चा निवतोय."

चहा अगोड होता, मला लागतो तसा. तिथंच पाटावर बसून मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. मग कप कलता करून उजेडाकडं धरला आणि तळ बघितला. तळाशी चहाची चार काळी पानं होती, बाकी काही नाही. मान वर केली तर बाळाबाई माझ्याकडं बघत होती. तिनं हात पुढं करून कप घेतला आणि विसळायला नेला.