देवीच्या पाण्याची बादली

मी बादली आहे. जस्ताच्या पत्र्याची, जाड कडीची, पोटावर लाल रंगात कबड्डी मंडळाचं नाव रंगवलेली. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी फार संतापले आहे.

पेणच्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं. एवढे घाव खाऊन मी धड राहिले, कारण मी पत्रा आहे. माणसाचं डोकं पत्र्याचं नसतं, ही साधी गोष्ट किहीमजवळच्या आमच्या गावाला काही कळली नाही.

मला मंडळात आणलं ते अध्यक्ष बाळाजीने. सामन्याच्या दिवशी नारळ फुटला की मला देवीच्या विहिरीवर भरायचं आणि मैदानाच्या रेघेपाशी आणून ठेवायचं, अशी रीत. कोणी डोक्यावर आपटला की माझं पाणी त्याच्या डोक्यावर. आणि देवीचं पाणी घेतलेल्या गड्याने बाहेर बसायचं नाही! बसला तर म्हणे देवीचा अपमान. मी वर्षानुवर्षं तिच्या विहिरीत उतरतेय. मला तरी ती असलं काही बोलल्याचं आठवत नाही.

गुणाजी डावा कोपरा सांभाळायचा. चढाईला आलेल्या गड्याच्या मांडीवर झेप घेऊन पट काढावा तर त्यानेच. पण दर खेपेला त्या गड्याचा गुडघा ह्याच्या कानशिलावर बसायचा, आणि तो आवाज मला रेघेबाहेर ऐकू यायचा. मग गुणाजी उठून चुकून पलीकडच्या संघात जाऊन उभा राहायचा, आणि लोक हसायचे. हसायचे हो! बाळाजी मला त्याच्यावर रिकामी करायचा.

“काय न्हाय झालं रं! वाघ हाय वाघ! जा!”

की वाघ निघाला. सामना जिंकल्यावर तो ढालीशेजारी बसून ओकायचा. फोटोत येऊ नये म्हणून त्याला जरा बाजूला सरकवायचे.

खेळ सुटला, गुणाजी ट्रक चालवू लागला. चाळिशी उलटते न उलटते तोच तो रोजचा पोयनाडचा रस्ता विसरला. शांत माणूस, पण जेवणाचं ताट भिंतीवर फेकू लागला. एकदा बायकोवर, कोकिळेवर हात उगारला आणि मग तिच्याच पदरात तोंड घालून रडला. गाव म्हणालं, दारू. त्याने दारूला कधी हात लावला नव्हता. मग गाव म्हणालं, बाहेरचं असेल. बाळाजीच त्याला भगताकडे घेऊन गेला. कोंबडंही त्यानेच दिलं, मोठ्या मनाचा ना!

शेवटी कोकिळेने नवऱ्याला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. पुढे विहिरीवर बायकांना ती सांगत होती, तेव्हा मी तिथेच होते.

“डाक्टर म्हनले, डोक्याला कधी मार लागलाय का? मी म्हनलं, कधी लागला न्हाय ते इचारा.”

पुन्हा पुन्हा मार बसला की मेंदू झिजत जातो, असं डॉक्टर म्हणाले. पक्की खात्री माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच होते, पण लक्षणं सगळी तीच. बरं करणारं औषध नाही, सांभाळायचं. बायका हळहळल्या आणि हंडे उचलून घरी गेल्या. मैदानावर काही म्हणजे काही बदललं नाही.

गेल्या रविवारी मुलींचा सामना होता. गुणाजीची मुलगी प्राप्ती खेळत होती, बापाच्याच जागेवर, डाव्या कोपऱ्यात. तिने पट काढला आणि गुडघा कानशिलावर बसला. ती उठली, धडपडली, मैत्रिणीला विचारू लागली, “आपन कुटं आलोय?”

बाळाजीने मला उचललं. “देवीचं पानी हाय. आत्ता उभी राहील!”

तेवढ्यात कोकिळा दोरी ओलांडून आत आली. तिने मला त्याच्या हातातून हिसकावलं, सगळं पाणी मातीत ओतलं, मला पालथी घातली आणि माझ्यावरच बसली. मुलीचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

“वैनी, देवीचा अपमान हाय ह्यो!”

“देवीला मी सांगते काय ते. एक मानूस दिला तुमाला. पोर देनार न्हाय.”

सामना थांबला. गुणाजीला मान म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. तो टाळ्या वाजवत होता. शेजारच्याला त्याने हौसेने विचारलं, “चांगली खेलते. कोनाची पोर ही?”

प्राप्तीला रिक्षात घालून अलिबागला नेलं. महिनाभर तरी खेळायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलंय. मी मैदानाच्या कडेला पालथीच पडून आहे. मंडळ नवी बादली आणणार, असं ऐकते. आणा की! पण ती विहिरीत सोडण्याआधी गुणाजीच्या ओटीवर जा. प्राप्तीला त्याच्यासमोर उभी करा आणि विचारा, ही कोण. तो काय म्हणतो ते नीट ऐका, आणि मग भरा बादली.