येतो म्हणाली

महागावच्या एसटी स्टँडसमोर घनश्याम मेकॅनिकचं दुकान होतं. त्या दुकानात कोणाचा रेडिओ कधी 'खराब' झाला नाही. गिऱ्हाईक बाकावर टेकायचं, पिशवीतून रेडिओ काढायचं आणि म्हणायचं, "भाऊ, बोलतच नाई हा." कोणाचा मधीमधी रुसायचा, कोणाचा सकाळी खोकलायचा आणि दुपारून बरा राहायचा. घनश्याम ते शब्द जसेच्या तसे चिठ्ठीवर लिहून घ्यायचा, वर मालकाचं नाव टाकायचा आणि चिठ्ठी दोऱ्यानं रेडिओच्या मुठीला बांधायचा.

माणूस तसा तिरसट. "फेकून देऊ का आता हा?" असं कोणी विचारलं की त्याचा पारा चढलाच म्हणून समजा. "काहून? तुले ताप आल्ता तवा तुया बापानं तुले फेकलं होतं का?" गिऱ्हाईक खाली मान घालून रेडिओ पुढं सरकवायचं. बाकावरचे बाकीचे खो खो हसायचे.

मागच्या फळीवर त्याचे मेलेले रेडिओ असायचे. तेही त्याच्याकडे पुरते मरत नसत. याचं बटण त्याला, त्याची कॉइल तिसऱ्याला, असं करत ते गावोगाव बोलत राहायचे. एकाचं काढून दुसऱ्याला लावताना त्या भागावर मूळ मालकाच्या नावाचं पहिलं अक्षर पेन्सिलीनं लिहायची त्याची सवय होती. का, असं विचारलं तर म्हणायचा, "कोनाचं घेतलं हे ध्यानात नको का?"

आता दोन हजार सतरा साल. कापसाला बोंडअळी लागलेली, शेतातली बोंडं आतून किडकी निघत होती आणि बाजारात जो भेटेल तो तेच बोलत होता. घनश्यामच्या दुकानात तीन वर्षं एकही रेडिओ आला नव्हता. जागामालकाला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. घनश्यामची मुलगी गुंजन यवतमाळच्या कॉलेजात शिकवायची. ती म्हणाली, "बाबा, पुरे झालं. माझ्याकडे राहायला या." त्याला नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं.

गुंजननं त्याच आठवड्यात महागावच्या शाळेत एक मोहीम ठेवली. लोकांनी घरातलं बंद पडलेलं विजेचं सामान आणून द्यायचं, ते नागपूरच्या एका कारखान्याची गाडी घेऊन जाणार आणि तिथे ते नीट सुटं करून त्यातलं तांबं, काच, प्लॅस्टिक पुन्हा कामाला लावणार. भंगारवाले नाल्याकाठी वायरी जाळायचे, काळा धूर बायकांच्या वाळत घातलेल्या धुण्यावर बसायचा, ते तिला थांबवायचं होतं. पण गाडीच्या आधी तिनं एक टेबल मांडलं होतं. जे दुरुस्त होईल ते गाडीत टाकायचंच नाही, मालकाला परत द्यायचं, हा तिचा नियम. त्या टेबलावर कोण बसणार, हे वेगळं सांगायला नको.

मोहिमेच्या दिवशी सकाळीच चाळीस वर्षांचं दुकान नऊ पोत्यांत भरून गाडीत गेलं. घनश्यामनं काही कटकट केली नाही, हे पाहून गुंजनला नवल वाटलं. मग तिला त्याच्या पायाशी कापडी पिशवी दिसली.

"यात काय आहे?"

"काई नाई."

तिनं आत पाहिलं. चामडी कव्हराचा जुना रेडिओ होता आणि मुठीला पिवळी पडलेली चिठ्ठी. रुखमाबाई. जिनिंग. बोलत नाही. त्याखाली दुसऱ्या शाईनं लिहिलं होतं, येतो म्हणाली.

"बाबा, बारा वर्षं झाली. हा तरी द्या."

"गाडी दोनले निंगते ना? मंग दोन वाजू दे."

रुखमाबाई गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये कामाला होती. यंत्रात कापूस टाकायचा, एकीकडून रुई निघायची, दुसरीकडून सरकी. स्वतःच्या कमाईतून तिनं हा रेडिओ घेतला होता आणि तो कामावर आणून दाराजवळच्या खिळ्याला लटकवायची. यंत्रांच्या धडधडाटात कोणाला काय ऐकू येणार! पण ते दिवस लोडशेडिंगचे. लाइन गेली की सगळं जिनिंग एका क्षणात थांबायचं आणि त्या शांततेत रेडिओचा आवाज एकदम वर यायचा. सेलवरचाच तो, त्याला लाइनचं काय! केसांत, भुवयांत रुई अडकलेल्या पंधरावीस बाया सरकीच्या ढिगावर टेकून ऐकत बसायच्या. कापसाचे भाव लागले की एक दुसरीला गप्प करायची. भाव सांगून झाले की सगळ्या मिळून त्या सांगणाऱ्याला शिव्या द्यायच्या, जसे काही ते त्यानंच पाडले होते.

घनश्याम जिनिंगची वायरिंग पाहायला जायचा तेव्हा लाइन गेली तर मुद्दाम रेंगाळायचा. त्या दुपारांच्या आठवणीनं अजूनही त्याच्या जिवाला हुरहूर लागायची. हवेत तरंगणारी रुई, सरकीचा तेलकट वास आणि त्या सगळ्यावर तो एक आवाज. स्पीकरचा कागद एकदा फाटला होता, तो घनश्यामनंच चिकटवून दिला होता. तेव्हापासून बोलणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो रेडिओ थोडा फुरफुरायचा. बाया म्हणायच्या, रुखमाचा रेडिओ तंबाखू खाते.

दोन हजार पाचच्या हंगामात एक दिवस ती दुकानात आली. "भाऊ, बोलत नाई. पाहून ठेवा. येतो मी," म्हणाली आणि गेली. घनश्यामनं दोन दिवसांत तो बोलता केला, पुसून समोरच्या फळीवर ठेवला. रुखमाबाई आलीच नाही. कापूस येईना म्हणून जिनिंगला कुलूप लागलं होतं, बाया कुठे कुठे पांगल्या होत्या. आज येईल, उद्या येईल, येतो म्हणाली ना, असं म्हणत त्यानं दोन वर्षं काढली.

मग त्याच्या हातून ती गोष्ट झाली. तांड्यावरचा देवीलाल त्याचा जुना दोस्त. त्याच्या रेडिओचा स्पीकर गेला. तसा स्पीकर जवळ नव्हता आणि देवीलाल तर बाकावर हटून बसलेला. "घरी बुढा बाप हाये. आवाज नसला त त्याले जेवन जात नाई." घनश्यामनं हात वर केला, रुखमाबाईचा रेडिओ उतरवला, तिचा स्पीकर काढला, लोहचुंबकावर 'रु' लिहिलं आणि देवीलालच्या रेडिओत बसवला. आठ दिवसांत यवतमाळहून दुसरा आणू, असं तेव्हा त्याला अगदी मनापासून वाटलं होतं.

आठ दिवसांचे महिने झाले. त्याचा आळस नडला, दुसरं काही नाही. पुढे यवतमाळच्या दुकानांतून रेडिओचे स्पीकरच गेले आणि मोबाइलची कव्हरं आली. फळीवरच्या त्या रेडिओकडे पाहिलं की त्याला शरम वाटायची. बाईनं मुका आणला, आपण बोलता केला आणि आपल्याच हातानं पुन्हा मुका केला. उद्या ती दारात येऊन उभी राहिली तर काय तोंड दाखवायचं?

शाळेच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत रीघ लागली. मिक्सर आले, इस्त्र्या आल्या, मोबाइलचे चार्जर तर घमेलंभर. घनश्यामनं तीन मिक्सर आणि पाच इस्त्र्या मालकांच्या हातात परत दिल्या. एकानं सहा महिन्यांपूर्वीच घेतलेला चपटा स्पीकर आणला. घनश्यामनं तो उलटासुलटा केला, स्क्रू शोधला, कुठेच सापडेना.

"हे त चिकटवून टाकलं ना गा! उघडाचं कुठून?"

"उघडत नाई भाऊ. नवा घ्या लागते."

"मंग घेतानी पाह्याचं ना! ज्याले स्क्रू नाई थे घरातच आनू नये," घनश्याम एवढ्या मोठ्यानं म्हणाला की रांगेतल्या दोघांनी आपापलं सामान उलटं करून पाहिलं. गुंजन तोंड फिरवून हसली. हेच सांगायला तिनं कॉलेजात तासभर घालवला होता.

दीडच्या सुमारास देवीलाल आला. दात पडलेले, चालीत मात्र तोच रुबाब. त्यानं काखेतला रेडिओ टेबलावर ठेवला. "घे बाप्पा. बाप बी गेला न हा बी गेला. आता गाडीत टाक."

घनश्यामचे हात थांबले. मग त्यानं इतक्या घाईनं पेचकस उचलला की दोन स्क्रू जमिनीवर घरंगळले. आत सेलचा चीक गळून सगळी सर्किटची पट्टी हिरवीकच्च झाली होती. ती कामातून गेली होती. स्पीकर मात्र कोरडा होता. मागच्या लोहचुंबकावर, पुसट पण वाचता येईल असा, 'रु'.

"देवीलाल, येच्यातला स्पीकर मी काढू का?"

"काढ ना. मले काय इचारतं? तुनंच बसवला होता."

"माहा नव्हता तो," घनश्याम म्हणाला, आणि दहा वर्षांत कोणालाच न सांगितलेली गोष्ट त्यानं भर व्हरांड्यात, गुंजनसमोर, सांगून टाकली.  देवीलालनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. घनश्यामनं पिशवीतला रेडिओ काढला, तिचा स्पीकर तिच्या जागी बसवला, दोन वायरींना सोल्डरचा डाग दिला. नवे सेल गुंजननं पळत जाऊन आणले. कळ फिरवली तर नुसतं मुकं. त्यानं आणखी एक सुटलेली वायर शोधली, तिलाही डाग दिला. खरखर झाली, काटा सरकला आणि कोणीतरी शेतीविषयी बोलू लागलं. वाक्य संपलं आणि शेवटी फुरफुर झाली.

घनश्यामनं डोळ्यांना रुमाल लावला. "बोलला," एवढंच म्हणाला.

"पन देशीन कोनाले?" देवीलालनं विचारलं. "रुखमाबाई म्हन्जे जिनिंगातली ना? थे त ढाणकीले राह्यते लेकीपाशी. माह्या जावयाच्या घरामागंच."

घनश्यामनं पेचकस टेबलावर आपटला. "मले सांगतलं काहून नाई?"

"तुनं इचारलं कवा?"

देवीलालनं जावयाला फोन लावला. जावई मागच्या दारी गेला आणि फोन रुखमाबाईच्या हातात दिला. इकडे देवीलालनं आपला फोन घनश्यामच्या हातात कोंबला.

"रुखमाबाई, मी घनश्याम. महागावचा, रेडिओवाला."

"अगा माय! मेकॅनिकभाऊ? जित्ते हाये का तुमी?"

"हावो. तुमचा रेडिओ माह्यापाशी हाये."

"कोनता रेडिओ?" मग तिला आठवलं. "थो? अजून ठेवला तुमी? कायले?"

"तुमी येतो म्हनल्या होत्या ना."

पलीकडून हसू आलं, खोकला लागेपर्यंत. "त काय जातो म्हनू? निंगतानी कोनी जातो म्हनते का भाऊ? जिनिंग बंद पडून राह्यलं होतं, दुसऱ्या दिवशी आमी अदिलाबादले निंगून गेलतो. थो रेडिओ म्या तुमाले सोडूनच देल्ला होता. म्हटलं, तुमच्या कामी येईन. कोनाले स्पीकर-गिकर लागला त काढून लावतीन."

घनश्याम खुर्चीत बसला. दहा वर्षं ज्या गोष्टीची लाज बाळगली ती बाईनं त्याला आधीच देऊन टाकली होती, आणि तो आपला एका शब्दाला धरून बसला होता. त्याला स्वतःचा राग आला, हसूही आलं, आणि शेवटी नुसतं भरून आलं.

"लावला होता," तो म्हणाला. "आज वापस बसवला."

तिनं विचारलं, "बोलते का मंग थो?"

त्यानं आवाज मोठा केला आणि फोन रेडिओजवळ धरला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तशी गुंजननं त्याला हातानंच थांबवलं. वाक्य संपलं, फुरफुर झाली.

"हाव, माहाच व्हय," रुखमाबाई हळूच म्हणाली. "तंबाखू खाऊन राह्यला." आणि मग, "भाऊ, आत्ता लाइन गेल्यावानी वाटून राह्यलं."

 त्या बायका, ती रुई, ती एकदम पसरणारी शांतता दोघांनाही दिसत होती, आणि तिसऱ्या कोणाला ती सांगून कळली नसती.

"मंग काय करू, बाई? गाडी उभी हाये."

"कोनाले देऊ नका. ठेवा. येतो मी."

"कोनतं येतो?" घनश्यामनं विचारलं.

"एसटीचं येतो! सकायच्या गाडीनं."

दोन वाजून गेले होते. गाडी निघाली तेव्हा टेबलावर एकच वस्तू उरली होती. दुकानाची किल्ली आज जागामालकाला द्यायची होती, ती घनश्यामनं खिशातच ठेवली. "तू हो यवतमाळले पुढं. मी उद्या येतो," तो गुंजनला म्हणाला. मग त्यानं जुनी पिवळी चिठ्ठी सोडली, पेन मागितला आणि नव्या कागदावर सावकाश लिहिलं. रुखमाबाई. ढाणकी. बोलतो. खाली थोडी जागा सोडून त्यानं आणखी एक ओळ लिहिली, येतो म्हणाली, आणि चिठ्ठी दोऱ्यानं मुठीला बांधली.