पहिली मूठ

या, अशा जवळ सरकून बसा. बुवा चहा घेताहेत, कीर्तनाच्या उत्तररंगाला अजून वेळ आहे, तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. देवाची नाही, खाडीतल्या शिवल्यांची. आणि तीत माझंही पाप आहे.

मनुबाई ठाण्याच्या खाडीकाठची कोळीण. शिवल्या, म्हणजे आपल्या तिसऱ्या, चिखलात हाताने चाचपून काढायची. काढलेली पहिली मूठ पाटीत टाकायची नाही, परत चिखलात पुरायची. तिच्या आजीपासूनचा रिवाज. ती मूठ खाडीची, पुढच्या सालचं बी. संध्याकाळी आंघोळ करून, गजरा माळून याच देवळात कीर्तनाला यायची, तरी वास येतो म्हणून लोक सरकून बसायचे. मी मुद्दाम तिच्या शेजारी बसायचो. त्याचा मला थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

मग खाडीत भराव घालून धक्का बांधायचं ठरलं. तिथल्या शिवल्या उचलून बाहेरच्या स्वच्छ समुद्रात सोडाव्यात, असा सल्ला धक्का बांधणाऱ्या साहेबांना मिळाला. देणारी माझी मुलगी ऋजुता. डोंबिवलीत आजोळी वाढलेली, समुद्री जिवांचा अभ्यास करणारी. बाकीच्या कोळणींनी संमती दिली, मनुबाई अडून बसली. ऋजुता तिला समजावत होती की इथली आणि तिथली शिवली एकच, उलट चांगल्या पाण्यात जोमाने वाढेल.

"बाय, या आमचे गढूल पान्यान वाढलेल्या," मनुबाई म्हणाली. "तिकडचं खारं यांना नाय सोसाचं."

ऋजुता हसली. मीच मध्ये पडलो.

"मनुबाई, माझी लेक आहे. तुमचं वाईट करेल का?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि संमतीच्या कागदावर अंगठा दिला.

बावीस दिवसांत शिवल्या तोंडं उघडून मेल्या. तोवर इकडे भराव पडलेला. मरणाऱ्यांतल्या काही ऋजुताने तपासायला ठेवलेल्या, त्यातून उलगडा झाला. जात एकच, पण कमी मिठाच्या, कारखान्यांच्या पाण्यात ज्या तगल्या त्यांचीच वीण पिढ्यानपिढ्या चालत आलेली. फरक थेट जनुकांत उतरला होता. स्वच्छ समुद्रच त्यांना परका होता. तिचा निबंध परदेशात छापून आला, इथे टेंभी नाक्याजवळ तिचा सत्कार झाला. आभारांच्या यादीत शेवटी होतं, 'स्थानिक मच्छीमार महिला'.

तो निबंध घेऊन मी मनुबाईकडे गेलो, अर्थ सांगितला. तिने शांतपणे ऐकला.

"म्हंजे मी बोललेली तेच ना, अण्णा?"

मी हो म्हणालो.

"मंग आता पयली मूठ कुठं पुरू?"

त्यानंतर ती कीर्तनाला आली नाही. खांबाजवळची ती जागा पाहा, तिथे आता लोक ऐसपैस बसतात.

बुवा उठले. एवढंच करा, ताटात कधी शिवल्यांचं कालवण आलं, तर पहिला घास उचलण्याआधी मनुबाईचं नाव घ्या. निबंधात ते नाही.